निम्मे टोरोंटोत, निम्मे वसईत

अहो वहिनी, ऐकलंत का? तुम्ही कुठून ऐकणार म्हणा, काल लग्नाला गेला होतात. जरा कुंपणाशी या, मोठ्यानं बोलायची सोय नाही, त्यांची खिडकी सताड उघडी असते.

काल मास्तरांच्या महिन्याची मिस्सा होती. मिस्सा चर्चमध्ये, मागाहून घरी चहा-फराळ. मास्तर टोरोंटोत वारले, थोरल्या मुलाकडे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिकडेच दहन केलं आणि थोरला राख घेऊन आला. तुमच्यातल्यासारख्या सावडलेल्या अस्थी नव्हेत हं! पिठासारखी बारीक पूड, चकचकीत डब्यात. आणि डबा ठेवला कुठे? टीव्हीच्या शोकेसवर! शेजारी रिमोट!

फादरांची नजर गेलीच. "हे काय?" तर थोरला म्हणतो, "बाबा." अहो, फादरांच्या हातातला केक बशीत परत गेला.

तर काय सांगत होते... हां, थोरल्याचा बेत. निम्मी राख इथे पुरायची, निम्मी परत नेऊन तिकडच्या अंगणात मेपलखाली टाकायची. वर ऐकवतो, "फादर, दहन 1963 पासून चालतं की!" नेटवर वाचून आलेला. फादर शांतपणे म्हणाले, चालतं, पण दफनच बरं असं चर्च अजून सांगतं. आणि राख घरात ठेवायची नाही, उधळायची नाही, वाटून घ्यायची नाही. 2016 मध्ये रोमहून तसं पत्रकच निघालंय. दागिन्यात घालायची नाही हेसुद्धा त्यात आहे. हे ऐकलं मात्र, दुबईची लेक गळ्याशी ओढणी सारखी करायला लागली. मी बघितलं, पण बोलले नाही.

तेवढ्यात मास्तरीणबाई, इतका वेळ मुक्या बसलेल्या, म्हणतात कशा, "अहो फादर, मग शेवटच्या दिवशी ह्यांनी उठायचं कसं? निम्मे टोरोंटोत, निम्मे वसईत. तिकीट कोण काढणार?" हसावं की रडावं कळेना कुणाला.

मग सेमिनरीतला तो पुतण्या पुढे सरसावला. म्हणाला, काकी, इ.स. 177 मध्ये फ्रान्सातल्या लियाँला रोमन लोकांनी आपले हुतात्मे जाळले आणि राख मुद्दाम रोन नदीत लोटली, की बघू आता कसे उठतात! त्यानं देवाचं काही अडलं नाही. मातीतून माणूस केला त्यानं, त्याला राखेतून उठवणं काय जड? पोरगा बोलतो छान, फक्त बोलताना जवळजवळ सगळ्या चकल्या संपवल्या. थोरला लगेच, "मग देवाला चालतं तर तुम्हाला का नाही?"

फादर म्हणाले, देवासाठी नाही रे, आपल्यासाठी. माणूस म्हणजे नुसता आत्मा नव्हे, देहही त्याचाच. बाप्तिस्म्याचं पाणी त्याच अंगावर पडलं ना? आणि मेलेला माणूस एकट्या घराचा नसतो, सगळ्या पॅरिशचा असतो. पूर्वी लोक पुनरुत्थानच नाकारायला म्हणून दहन करायचे, त्यासाठी तर बंदी होती... पुढे बरंच बोलले, माझं लक्ष चहाकडे गेलं. पण बाईंनी एकच विचारलं, "2 नोव्हेंबरला मेणबत्ती कुठे लावू मी? शोकेसवर?" थोरल्यानं मान खाली घातली हो. तुमच्यात बरं, रामकुंडात सोडलं की मोकळे.

तरी गडी हार मानतोय का! मोबाइल काढला. डिसेंबर 2023 मध्ये म्हणे बोलोन्याच्या कार्डिनलांनी विचारलं होतं, तेव्हा रोमनंच सांगितलं, अगदी थोडी राख मृताच्या जिव्हाळ्याच्या जागी ठेवायला हरकत नाही. सुनेचा चेहरा खुलला. फादर म्हणाले, पुढचंही वाच. पुढे अटीच अटी, चर्चच्या अधिकाऱ्यांनी बघून ठरवायचं वगैरे. आणि मास्तरांनी तो मेपल पाहिला जेमतेम दोन महिने, त्यातला निम्मा वेळ हीटरजवळ बसून!

आता खरी गंमत ऐका. थोडीच चालते म्हटल्यावर लेकीला धीर आला असावा. तिनं ओढणी बाजूला केली. लॉकेट! भरलेलं! भावाबहिणींनी तिकडेच उरकलेलं, आईला पत्ता नाही. सगळे चिडीचूप. पुतण्याच्या हातातली चकली हातातच. फादर पंख्याकडे बघायला लागले. बाईंनी चष्मा लावला, लॉकेट तळहातावर घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "ह्यात जीभ आली असेल तर दुबईलाच राहू दे. चाळीस वर्षं ऐकली मी."

फादरच आधी हसले! मग काय, सगळेच.

शनिवारी साडेचारला डबा दफनभूमीत जाणार, तुम्ही यायचंच. लॉकेटही आत घालायचं म्हणे लेकीनं कबूल केलंय, पण रात्री फोनवर तिचा नवरा वेगळंच काही बोलत होता... थोरला तिकडच्या फादरांना ईमेल करणार आहे, चिमूटभराची परवानगी मागायला. सून म्हणे त्याच्याशी बोलत नाही. का ते सांगते, पण आधी ती खिडकी बघा, मिटली का?