मागचं डावं

तुमच्या सोसायटीत ते आहेतच. गाडी नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही, आणि संध्याकाळी हे गृहस्थ पार्किंगमध्ये मागच्या चाकापाशी उकिडवे बसून टायरवरून तळहात फिरवताहेत. आधी मागून पुढे, मग पुढून मागे. मध्येच डोळे मिटतात. एखादा नवा भाडेकरू सहज विचारतो, "काय काका, पंक्चर?" आणि त्याची संध्याकाळ गेली.

आमच्याकडच्या काकांना आम्ही श्रवणकुमार म्हणतो. पाठीमागे, अर्थात.

त्यांची खरी भीती पार्किंगमध्ये नाही, गेटवर आहे. हातात बॅग घेऊन तुम्ही रिक्षाची वाट बघताय आणि ती पांढरी गाडी हळूच तुमच्याजवळ येऊन थांबते. "स्टेशन ना? बसा, मी तिकडेच निघालोय." ते तिकडे कधीच निघालेले नसतात. पुढची सीट रिकामी असली तरी तुम्हाला मागे बसवतात, तेही डाव्या बाजूला. आणि कोथरूडहून पुणे स्टेशनला जायला गाडी चांदणी चौकाकडे वळते. कारण आवाज साठच्या पुढे निघतो, आणि कर्वे रोडवर साठचा वेग हवा असेल तर पहाटे तीनला घर सोडावं लागतं. म्हणून बायपास.

बायपासला लागलं की विधी सुरू. एसी बंद. रेडिओ बंद. काचा वर. "ती पिशवी जरा मांडीवर घ्या, तिचं प्लास्टिक वाजतंय." मग काटा सत्तरवर स्थिर होतो, काका मान किंचित कलती करतात आणि विचारतात,

"ऐकू येतंय?"

या प्रश्नाला "नाही" म्हणणाऱ्यांच्या रेल्वे सुटलेल्या आहेत, कारण मग पुढच्या पुलाखालून वळून तोच पट्टा पुन्हा. "हो" म्हणणाऱ्यांचीही सुटका नाही. त्यांना पुढचा प्रश्न येतो, "कुठून?" बरोबर उत्तर एकच, आणि आमच्या बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ आहे. मागचं डावं.

काकूंच्या तर हे इतकं अंगवळणी पडलंय की परवा दारावरची बेल वाजली की नाही याची खात्री करायला काका आतून ओरडले, "अगं, ऐकू येतंय का?" आणि काकूंनी भाजी परतता परतता उत्तर दिलं, "हो, मागचं डावं."

दिवाळीत मुलगा-सून आले, सगळे मिळून मुंबईला निघाले. द्रुतगती मार्ग म्हणजे काकांचं पंढरपूर. तिथे सिमेंट आहे, आणि सिमेंटवर टायर जसा गातो तसा डांबरावर गात नाही. त्यामुळे तळेगावपासून सगळ्यांनी मौन पाळायचं ठरलं. म्हणजे काकांनी ठरवलं. मागे नात वेफर्स खात होती. काकांनी आरशातून बघितलं आणि म्हणाले, "बाळा, चावू नकोस, विरघळू दे." मुलगा लोणावळ्यानंतर उतरून बसने जायचं म्हणत होता असं कळतं.

आता, काकांचं म्हणणं खोटं नाही, आणि हाच त्यांचा सर्वांत त्रासदायक गुण आहे. पूर्वीच्या गाडीत इंजिन, सायलेन्सर, दार, डिकी, सगळेच एकदम बोलत. त्यात टायरचं कोण ऐकतो? आता इंजिनाचं तोंड बंद केलं, दारांना रबरं आली, तेव्हा खालून टायरचा आवाज वर आला. त्यात रिम मोठी आणि टायरची भिंत बुटकी करायची फॅशन, कारण फोटोत गाडी रुबाबदार दिसते. टायरवरचे रबराचे ठोकळे रस्त्यावर आपटतात, खाचांतली हवा चेपली जाते आणि सुटते, टायरच्या पोकळीतली हवा स्वतंत्र घुमते. सगळे ठोकळे एका मापाचे केले तर एकच सूर धरून भोंगा वाजेल, म्हणून कारखाने मुद्दाम लहान-मोठे ठोकळे आलटून-पालटून लावतात. हे सगळं मला काकांनी सांगितलं, मी लिफ्टचं दार पायाने अडवून उभा असताना. इलेक्ट्रिक गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेऊन आले तेव्हा तर त्यांच्या चेहऱ्यावर मैफल ऐकून आल्याचं तेज होतं. "इंजिनच नाही हो! नुसता टायर! शुद्ध!"

२०२२ साली केंद्र सरकारने टायरच्या आवाजालाही मर्यादा घालणारी अधिसूचना काढली, तेव्हा काकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. मग त्यांनी मोजणीची पद्धत मुळातून वाचली. इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळत न्यायची आणि रस्त्याच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर माइक लावून आवाज मोजायचा. म्हणजे कायदा फुटपाथवरच्या माणसाचा! "आणि आत बसलेल्याचं काय?" काका तेव्हापासून विचारताहेत. पेढे वाचले.

आवाज हे एक दुखणं झालं. दुसरं दुखणं म्हणजे गाडी डावीकडे ओढते.

यावर सर्व्हिस सेंटरच्या पोराने त्यांना सांगितलं, की सर, पाणी वाहून जावं म्हणून रस्त्यालाच डावीकडे उतार असतो, तेव्हा हात सोडलात तर गाडी जरा डावीकडे जाणारच. उत्तर बरोबर होतं. पण बरोबर उत्तराने समाधान होणारी माणसं नवी गाडी घेऊन सुखाने नांदतात, ती आपल्याला दिसत नाहीत. काकांनी पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावून पाहिली. गाडी आता उजवीकडे ओढू लागली तर दोष टायरच्या घडणीत, तरीही डावीकडेच गेली तर टायर निर्दोष. गेली डावीकडेच. मग रस्त्याला उतार नसलेली जागा शोधायला ते स्पिरिट लेव्हल घेऊन शहरभर हिंडले. पुण्यात सपाट रस्ता शोधणाऱ्या माणसाला काय मिळालं असेल ते पुणेकरांना सांगायला नको.

मग अलाइनमेंट. टो, कॅम्बर आणि कास्टर ही नावं काका घरातल्या भाच्यांची घ्यावीत तशी घेतात. टो म्हणजे चाकांचे पुढचे अंगठे आत वळलेत की बाहेर, कॅम्बर म्हणजे चाक उभ्यात किती कललंय, आणि कास्टरमुळे वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ होतं. तिघांत खोडकर तो टो. तो किंचित बिघडला तरी टायर लोळता लोळता आडवा घासत राहतो, ठोकळ्यांच्या कडा करवतीसारख्या होतात आणि काही हजार किलोमीटरनंतर घूं सुरू. लोक बेअरिंग बदलून मोकळे होतात, घूं तिथेच. म्हणून तो तळहात. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने खरखरीत लागलं की समजायचं. गेल्या लग्नसराईत एका रिसेप्शनला वरपक्षाच्या गाड्या ओळीने लावलेल्या होत्या. काका आहेर देऊन बाहेर आले, ओळीतल्या प्रत्येक टायरला कुरवाळत गेले आणि वरपित्याला गाठून गंभीरपणे म्हणाले, "मुलगी चांगली आहे. मागचं डावं मात्र दाखवून घ्या." त्या घरात त्या वाक्याचे काय काय अर्थ निघाले ते अजून कानावर येतं.

काकांनी कुठेतरी वाचलं, की काही जर्मन कंपन्या अलाइनमेंट करताना सीटवर ठरावीक वजन ठेवायला सांगतात. वाळूच्या पिशव्या कुठून आणणार? त्यांनी मला फोन केला. "तुमचं वजन साधारण माझ्याएवढंच ना?" मी अलाइनमेंटच्या दुकानात रॅम्पवर चढवलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसून होतो, खाली काका आणि मेकॅनिक संगणकाच्या पडद्यासमोर. "हलू नका!" काका खालून ओरडले. "तुम्ही श्वास घेतलात की कॅम्बर बदलतो." पडद्यावरचे आकडे एकेक करून लालचे हिरवे झाले. मागचं डावं सोडून.

"सर, मागचं ॲडजस्ट होत नाही," मेकॅनिक म्हणाला. हेही खरं आहे. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे एकसंध ॲक्सल असतो, तिथे फिरवायला बोल्टच नसतो. सर्व्हिस सेंटरच्या पोराने तर ब्रह्मवाक्यच ऐकवलं, "सर, या मॉडेलला ते नॉर्मल आहे." सगळ्या तक्रारींचं हे एकच उत्तर. काकांनी प्रिंट मागून घेतली. प्रत्येक वेळी घेतात. त्यांच्याकडे निळी फाइल आहे.

आणि हे कोण बोलतंय? ज्या माणसाने वीस-बावीस वर्षं चेतक चालवली तो! इंजिन सगळं उजव्या अंगाला, सुरू करायची तर आधी स्कूटर कलती करायची, मग किकवर किक. हात सोडायची कोणाची छाती होती? तेव्हा काका, काकू, मुलगा आणि पुढे उभी केलेली गव्हाची पिशवी अशी सगळी वरात सिंहगड रोडने जात असे, आणि ती कोणत्या बाजूला ओढते याची एक ओळ कुठल्या फाइलीत नाही. मी एकदा हे त्यांना सुनावलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तेव्हा पाठीमागून बोललेलं ऐकू यायचं हो."

मला तेव्हा ते उत्तर कळलं नाही. कळलं ते फाइलमुळे. अलाइनमेंटच्या प्रिंटांत मध्येच एक वेगळा कागद लागला, लाल गोल आणि निळ्या फुल्यांचा आलेख. उजवा कान लाल, डावा निळा. दोन्ही रेघा बऱ्या चालल्यात आणि चार हजारच्या आकड्यापाशी खड्ड्यात जाताहेत. "हा माझा," काका म्हणाले. "इथे टो बिघडलाय."

पिंपरीच्या एका कारखान्यात ते जन्मभर मेंटेनन्सला होते. मशीनवर स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि कोणतं बेअरिंग जाणार ते आठवडाभर आधी सांगायचं. यासाठी दुसऱ्या शेडमधून त्यांना बोलवायला माणूस यायचा. कानात घालायचे बोळे कंपनी फुकट द्यायची. काकांनी ते कधी वापरले नाहीत, कारण मग मशीन कसं ऐकणार? त्या गोंगाटाने त्यांच्या कानातले वरचे सूर खाल्ले आणि खालचे ठेवले. टायरची घूं खालची, ती स्वच्छ पोहोचते. शब्दांतले स, त, फ वरचे. लहान मुलीचं बोलणं तर बहुतेक वरच. गाडी साठच्या पुढे गेली की मागच्या सीटवरून जे काही बोललं जातं त्यातला फक्त गुणगुणाट पुढे येतो, आणि नात मागे डावीकडे बसते.

हे एवढं कळल्यावर मी मऊ झालोय असं नाही. अजूनही गेटवर ती पांढरी गाडी दिसली की मी रिक्षाच करतो. पण एखाद्या दिवशी वेळ असला तर बसतो. मागे, डावीकडे. आणि जरा मोठ्याने बोलतो.

गेल्या महिन्यात मुलाने त्यांना दोन्ही कानांची यंत्रं घेऊन दिली. आठवड्याने काका पुन्हा दवाखान्यात हजर. तक्रार अशी, की उजवं ठीक आहे, डाव्यात मात्र बारीक घूं येतेय. तिथल्या मुलीने यंत्र तपासलं, संगणकाला जोडलं, आकडे बघितले आणि गोड हसून म्हणाली, "काका, सुरुवातीला येते तशी. या मॉडेलला ते नॉर्मल आहे."

काकांनी प्रिंट मागितली.