शाल, श्रीफळ आणि बिल

अहो, ऐकलंत का? मागच्या बिल्डिंगमधल्या मावशींच्या सुनेनं परवा चक्क शाल परत केली! म्हणजे स्टेजवर अंगावर घेतली, फोटोलाही हसून उभी राहिली, आणि खाली उतरल्याबरोबर नीट घडी घालून कार्यवाहांच्या हातात... थांबा, असं मधूनच नको, पहिल्यापासून सांगते.

तिनं बँकेतली नोकरी सोडली, ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. मावशी तेव्हा गच्चीत पापड वाळत घालताना मला म्हणाल्या होत्या, "कॉपीरायटिंग करणार म्हणे! चार ओळी खरडायच्या, त्याचे कोण पैसे देतंय?" त्यांना वाटलं साबण-बिबण विकेल. हिनं धरल्या सगळ्या सांस्कृतिक संस्था! गाण्याच्या मंडळांची निमंत्रणं, चित्रप्रदर्शनाचे कॅटलॉग, नाटकाच्या जाहिराती. आता नाटकाची जाहिरात म्हणजे आपल्याला आठवतात ती कमल शेडग्यांची अक्षरं, नाव वाचायच्या आधीच नाटक कळायचं. पण पेपरात जागेचे पैसे चौरस सेंटिमीटरवर मोजतात हो! निर्मात्याला सगळंच हवं असतं, आणि ही बसते शब्द गाळत.

शिवाय म्युझियममध्ये वस्तूखाली पाटी असते ना, तीसुद्धा लिहिते. मी इतकी वर्षं पाहुणे आले की केळकर म्युझियमला नेते, पण या पाट्याही कोणीतरी बसून लिहीत असेल, असं कधी मनात आलं नाही बाई. ती म्हणते, "काकू, वाचणारा उभा असतो, त्याचे पाय दुखत असतात. पन्नास-साठ शब्दांत आटपावं लागतं." मी म्हटलं, मग आमच्या सोसायटीच्या नोटिसा तूच लिही... जाऊ दे.

तर काय सांगत होते? हां, कार्यवाह. संस्थेचं नाव नाही घेत हं मी, पण तुम्हाला कळलंच असेल. नाही नाही, सवाई नव्हे! सवाई 1953 पासूनचा, त्याची गोष्टच वेगळी. थंडी पडली की त्याच्या आगेमागे छोटे छोटे महोत्सव उगवतात ना, त्यातलाच एक. प्रायोजकांना दाखवायचं माहितीपत्रक हिनं गणपतीच्या आधीच लिहून दिलं होतं, बिलही तेव्हाच दिलेलं. मग कार्यक्रमाची पुस्तिका. तिच्यावर बसली समिती! एकानं "सुप्रसिद्ध" घातलं, दुसऱ्यानं "ख्यातनाम", तिसरे म्हणाले "दिग्गज" नाही घातलं तर बुवा रागावतील. हिनं काढायचं, त्यांनी परत घालायचं. आणि एवढं करून पुस्तिका छापून आली, तर हार्मोनियमच्या साथीदाराचं नावच गायब!

अहो, ग्रीनरूममध्ये काय झालं म्हणून सांगू! हार्मोनियमवाले पेटी उघडेचनात. चिटणीस मोठ्यानं म्हणाले, "लिहिणाऱ्या बाईंनी घोळ घातला." ही शांत. मोबाइल काढला आणि पाठवलेला मजकूर दाखवला. नाव होतं! मग प्रेसवाला पोरगा मागून म्हणतो कसा, "सर, प्रायोजकांचा लोगो मोठा करायला तुम्हीच ती ओळ काढायला लावलीत." चिटणिसांचा चेहरा बघायला हवा होता हो... मीही नव्हते तिथे, पण मावशींच्या भाचीनं सगळं बघितलं.

आणि बिलाचं? "बघू, कलेची सेवा आहे" हेच चाललेलं. शेवटच्या दिवशी स्टेजवर बोलावून शाल आणि श्रीफळ! नारळ तिनं ठेवून घेतला, तसं सांगते. शाल परत देताना म्हणाली, "छान आहे, पण गणपतीच्या आधीचं बिल राहिलंय. माझी उद्यम नोंदणी आहे. 45 दिवस केव्हाच उलटले." कार्यवाहांना वाटलं थट्टा करतेय. पण खजिनदार स्वतः सीए ना, त्यांना बरोब्बर कळलं! 2006 चा कायदा आहे म्हणे, छोट्या उद्योगाचे पैसे रखडवले तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीनं. त्यांनी घाम पुसला म्हणे. डिसेंबरात!

त्यात परत कोणीतरी बोलून गेलं, की हाच मजकूर पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत वापरू. ही म्हणाली, जरूर वापरा, आधी लेखी करार करा. नोकरीत नसलेल्या माणसानं लिहिलेलं 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं त्याचंच राहतं, लेखी दिल्याशिवाय हक्क जात नाही. आणि दिला, पण मुदत लिहिली नाही, तर पाचच वर्षं! माझा भाचा लग्नाचे फोटो काढतो, तो हे ऐकून खूश झाला, म्हणाला, मग माझेही फोटो माझेच. ती म्हणाली, "नाही हं दादा, पैसे देऊन काढवून घेतलेले फोटो काढवून घेणाऱ्याचे. वेगळं ठरवलं असेल तरच तुमचे." असं तोंड उतरलं त्याचं! मी चहा ठेवला बिचाऱ्यासाठी.

पैसे? आले की! चौथ्या दिवशी. पण खरी गंमत पुढेच आहे. काल कुठल्याशा नाट्यमंडळाचा फोन आला, सून अंघोळीला, म्हणून उचलला मावशींनी. तेच गुळमुळीत, "चारच ओळी हव्या होत्या, मानधनाचं नंतर बघू." आणि आपल्या मावशी, त्याच हं, पापडवाल्या, ठणकावून म्हणाल्या, "निम्मे आगाऊ. ईमेल करा."

आता मला सांगा, त्यांना ईमेल कोणी शिकवलं?