१८५ ग्रॅमची तफावत

बँकेत सदतीस वर्षं काढली, त्यातली अकरा रोखपाल म्हणून. संध्याकाळी शटर अर्धं खाली आल्यावर दोन रुपये कमी निघाले, तर त्या दोन रुपयांसाठी रात्री नऊपर्यंत बसणारा माणूस मी. अशा माणसानं निवृत्त झाल्यावर घरात बसू नये. बसलाच तर त्याच्या हाताशी वजनकाटा ठेवू नये.

आमच्या घरात तो होता. बायको नानकटाई करते, म्हणून मुलीनं तिला ओटीजी आणि सोबत एक इलेक्ट्रॉनिक काटा भेट दिला होता. एका ग्रॅमचा फरक दाखवणारा. पुढचं सगळं त्यानंच केलं, मी निमित्तमात्र.

मूळ दोष मात्र पाण्याचा. होळी झाली की आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी सुरू होतं. या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही आणि धुतलेला सदरा इतका कडक होतो की खुंटीची गरज उरत नाही, तो आपला आपण उभा राहतो. वॉशिंग मशीन बंद पडलं तेव्हा दुरुस्तीवाल्या मुलानं आतली कॉइल काढून दाखवली. तिच्यावर पांढऱ्या थराचं असं पुट चढलं होतं, की दिवाळीतल्या चिरोट्याला हेवा वाटावा. "पाणी जड आहे काका," तो म्हणाला. "पावडर कितीही ओता, उपयोग नाही. धुण्याचा सोडा टाकत जा." या सल्ल्याचे आणि कॉइल खरवडण्याचे मिळून साडेचारशे रुपये घेऊन तो गेला.

इथे सरळमार्गी माणूस पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेला असता. मी मोबाइल उघडला. त्यात एक बाई हसत हसत सांगत होत्या की खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये भाजला की त्याचाच धुण्याचा सोडा होतो. घरच्या घरी! 'घरच्या घरी' हे दोन शब्द कानांवर पडले की मराठी माणसाचा विवेक अर्जित रजेवर जातो. घरच्या घरी म्हणजे स्वस्त, घरच्या घरी म्हणजे शुद्ध आणि घरच्या घरी म्हणजे शेजाऱ्यांना सांगण्यासारखं. शिवाय त्या बाई म्हणाल्या, यात कसलंही केमिकल नाही. आता सोडियम बायकार्बोनेटचं सोडियम कार्बोनेट करायचं आणि त्यात केमिकल नाही म्हणायचं, हे पाण्यात उतरून ओलं व्हायचं नाही म्हणण्यासारखं आहे. पण हे मला आता सुचतंय. तेव्हा मी चप्पल शोधत होतो.

मॉलमधून शंभर-शंभर ग्रॅमचे पाच डबे आणले. पस्तीस रुपये डबा, एकूण एकशे पंच्याहत्तर. बिलं करणारा मुलगा म्हणाला, "काका, ढोकळ्याची ऑर्डर आहे का?" मी नुसता हसलो. मोठी कामं अशी वाच्यता करून होत नाहीत.

आधी दोन चमचे कढईत टाकून मंद आचेवर प्रयोग केला आणि मी चक्क दोन पावलं मागे सरलो. त्या कोरड्या पुडीला उकळी फुटली! खरोखर. पाण्याचा थेंब नाही, तरी बारीक बारीक भोकं पडून ती पूड दुधासारखी खदखदू लागली. उलथनं लावलं तर पाण्यातून फिरल्यासारखं सरकलं. आई दारात उभी राहून बघत होती. आईचं वय चौऱ्याऐंशी, माहेर बुलढाणा जिल्ह्यातलं, मेहकरकडचं. पुण्यात साठ वर्षं काढूनही तिची वऱ्हाडी उतरलेली नाही.

"काहून रे," ती म्हणाली, "पावडरीले थंडी वाजली का?"

मग उरलेला माल स्टीलच्या जुन्या परातीत पसरून ओटीजीत ठेवला. दोनशे अंश, एक तास, अधूनमधून ढवळणं. बायकोनं विचारलं, "अहो, काय भाजताय?" म्हटलं, "सोडा." ती म्हणाली, "बरं." छत्तीस वर्षांच्या संसारानंतर 'बरं' या शब्दाला जी धार येते, ती सुरीलाही येत नाही.

तासाभरानं परात बाहेर काढली. आधी मिठासारखी चकाकणारी, बोटांतून सुळकन निसटणारी पूड आता मंद, चुन्यासारखी पांढरीफटक आणि खरखरीत झाली होती. कढईतले दोन चमचेही त्यात मिसळले. निवल्यावर सवयीनं काट्यावर ठेवली. टाकला होता पाचशे ग्रॅम. काटा दाखवत होता तीनशे पंधरा.

एकशे पंच्याऐंशी ग्रॅम कमी.

माझ्या पोटात तोच जुना गोळा आला. शटर अर्धं खाली आलंय आणि कॅश जुळत नाही. काट्यावर आधी शंभर ग्रॅमचं वजन ठेवून पाहिलं. काटा प्रामाणिक होता. ओटीजीच्या तळाशी बॅटरी मारली. परातीच्या कडा पाहिल्या. भांडी घासणाऱ्या मावशींना 'इथलं काही पुसलं का' असं सहज विचारलं, तर त्या इतक्या दुखावल्या की त्यांची समजूत घालायला चहा करावा लागला. बायकोकडे मी नुसतं पाहिलं. "मी खाल्लेला नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे कमी निघाले तर ते कुणाच्या तरी खिशात असतात, ही माझी सदतीस वर्षांची श्रद्धा. एकशे पंच्याऐंशी ग्रॅम सोडा कुणाच्या खिशात असणार?

रविवारी भाची आली. बारावीला सायन्स आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बिलाच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. "मामा, खाण्याचा सोडा तापला की त्याच्यातून दोन गोष्टी निघून जातात, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. एकशे अडुसष्ट भाग सोडा घेतला तर एकशे सहा भाग धुण्याचा सोडा राहतो. अठरा भाग पाणी गेलं, चव्वेचाळीस भाग वायू. तुझ्या कढईत उकळी दिसली ना, ती या बाहेर पडणाऱ्या वायूनं पूड उचलली म्हणून. आता पाचशेवर हिशोब कर."

मी केला. वाफ चोपन्न ग्रॅम, वायू एकशे एकतीस ग्रॅम. एकूण एकशे पंच्याऐंशी!

सांगायला हरकत नाही, माझे डोळे पाणावले. सदतीस वर्षांत इतकी चोख तफावत मी पाहिली नव्हती. निसर्गाच्या शाखेत कॅश रोजच्या रोज जुळते आणि ओव्हरटाइम कुणी मागत नाही.

या आनंदात मी भाचीला आइस्क्रीम देऊ केलं आणि तिथंच चुकलो. खुशीत येऊन तिनं पुढचं सांगितलं. "पण मामा, कारखान्यात खाण्याचा सोडा कशापासून करतात, माहितीय? धुण्याच्या सोड्यापासून!"

बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी १८६१ साली पद्धत काढली. मिठाचं पाणी, अमोनिया आणि चुनखडी तापवून मिळणारा वायू यांच्यापासून सोडा करायचा. आपल्याकडे सौराष्ट्रात ओख्याजवळ मिठापूरला टाटांचा सोड्याचा कारखाना १९३९ पासून आहे. गावाच्या नावातच मीठ. या पद्धतीत आधी कच्चा खाण्याचा सोडाच हाती येतो. तो भट्टीत भाजून धुण्याचा सोडा करतात, म्हणजे मी परातीत केलं तेच, फक्त टनांच्या हिशोबात. मग त्यातल्या थोड्या धुण्याच्या सोड्यात पुन्हा पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घालून शुद्ध, खाण्याजोगा सोडा तयार करतात, डब्यात भरतात आणि मॉलमध्ये ठेवतात. तिथून तो मी आणला आणि त्याचा पुन्हा धुण्याचा सोडा केला.

बँकेच्या भाषेत याला रिव्हर्सल एन्ट्री म्हणतात. कारखान्यानं खर्च करून जी नोंद घातली, ती मी खर्च करून उलटवली आणि दोन्ही वेळचं कमिशन माझ्याच खात्यातून गेलं.

सोड्याच्या नादी लागून सगळ्यांचंच असं होतं असं नाही. सॉल्व्हे गडगंज श्रीमंत झाले. १९११ साली त्यांनी ब्रसेल्सला शास्त्रज्ञांची परिषद बोलावली, तिला आइन्स्टाइन आणि मेरी क्युरी आले होते. एका माणसानं सोडा केला तर त्याच्याकडे आइन्स्टाइन येतो. मी केला तर भांडीवाल्या मावशी दोन दिवस आल्या नाहीत.

आता खरं सांगायचं तर माझा सोडा कामाचा निघाला. साबणाचं बोअरच्या पाण्यात काय होतं, तर लग्नात जेवायला निघालेल्या माणसाला दारातच नातेवाईक गाठतात, तसं त्याला पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम गाठतं. त्यांच्याशी गळाभेट होऊन त्याचा चिकट साका होतो. कपड्यांपर्यंत तो पोचतच नाही. धुण्याचा सोडा या नातेवाइकांना आधीच बाजूला घेऊन तळाशी बसवतो. दोन चमचे टाकल्यावर सदरा पुन्हा कापडाचा झाला. स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या पात्यांवर चार वर्षांचं फोडणीचं तेल साठलं होतं, ते गरम पाणी आणि सोड्यानं उतरलं. बायको 'बरं'ऐवजी 'बरंय' म्हणाली. हा एका अक्षराचा फरक मी डायरीत नोंदवला आहे.

यशानं माणूस चेकाळतो. बायकोची तळणीची कढई अॅल्युमिनियमची, तळाला चिकट झालेली. सोड्याच्या उकळत्या पाण्यात ती अर्धा तास ठेवली. चिकटपणा गेला, सोबत चकाकीही गेली आणि कढई आतून काळीकुट्ट झाली. धुण्याचा सोडा अॅल्युमिनियम खातो, हे त्या मोबाइलमधल्या बाई बोलल्या नव्हत्या. लोकर आणि रेशीमही त्याला सोसत नाही हे मी त्याच दिवशी वाचून काढलं, कारण पुढचा नंबर बायकोच्या पैठणीवरच्या डागाचा होता. तेवढ्यापुरता माझा संसार वाचला. माझ्या हातांची सालं मात्र निघाली. खाण्याच्या सोड्याचा सामू आठच्या जरा वर, याचा अकराच्या वर. आणि या मोजपट्टीवरची प्रत्येक पायरी दहापट. म्हणजे माझे हात जवळजवळ हजारपट तिखट पाण्यात होते, तेही हातमोज्यांशिवाय.

मग मी तिखटपणा कमी करायला सोड्यात लिंबू पिळलं. फेस असा आला की आई 'अरे बापा' म्हणाली. फेस ओसरला आणि खाली राहिलं खारट पाणी, ज्यानं चहाचा डागही निघेना. आम्ल आणि खार भांडले, एकमेकांना संपवून बसले आणि आवाज तेवढा झाला. घराघरांत हे आपण पाहतोच. फक्त त्याला कुणी क्लीनर म्हणत नाही.

आई हे सगळं आठवडाभर पाहत होती. शेवटी म्हणाली, "आम्ही राखेनं घासत होतो. तिले कोणी भाजत नव्हतं, चुलीतच होत होती." आणि खरंच, लाकडाच्या राखेत असतो तो पोटॅशियम कार्बोनेट, माझ्या सोड्याचा सख्खा चुलतभाऊ. आईनं पुढे सांगितलं की पापडाला लागणारा खार तिच्या लहानपणी लोणारहून यायचा. उल्कापातानं झालेल्या त्या सरोवराचं पाणी मुळातच सोड्याचं. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावर क्षार पांढरे होऊन बसतात. काच आणि साबण करायचं सामान इथं मिळतं, अशी लोणारची नोंद आइन-ए-अकबरीत आहे. म्हणजे माझ्या आजोळापासून दोन-तीन तासांच्या पायवाटेवर निसर्गानं हजारो वर्षं उन्हात सोडा वाळत घातला होता आणि मी तो शहरातल्या मॉलमधून पस्तीस रुपये डब्यानं आणून विजेवर भाजला.

शेवटी मी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो. "धुण्याचा सोडा आहे?" त्यानं वर न बघता विचारलं, "किती किलो?" साठ रुपये किलो. पोत्यात होता. त्या पोत्याला टेकून मी गेली बारा वर्षं त्याच्याशी राजकारणावर बोलतोय.

घरी येऊन हिशोब केला. सोडा एकशे पंच्याहत्तर, वीज अंदाजे बारा रुपये. माल हाती तीनशे पंधरा ग्रॅम. किलोला पाचशे चौऱ्याण्णव रुपये. मी हार मानणारा नाही. म्हटलं, वाण्याचे खडे म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, शेकडा त्रेसष्ट. कोरड्या सोड्याचा त्याचाही भाव मग एकशे बासष्टवर जातो. तरीही चारशे बत्तीसचा खड्डा उरला आणि त्यात कढई धरलेली नाही. एकशे पंच्याऐंशी ग्रॅमपुढे मी लाल शाईनं लिहिलं: बुडीत खाती जमा.

तेव्हा वाचकहो, वाण्याकडे मिळत असेल तर धुण्याचा सोडा वाण्याकडूनच आणा. मिळतच नसेल तरच ओव्हन पेटवा, हातमोजे घाला आणि अॅल्युमिनियम लांब ठेवा. दोन्ही सोडे दिसायला सारखेच, म्हणून बरणीवर ठळक लिहून ती स्वयंपाकघराबाहेर ठेवा. आमची मोरीच्या फळीवर असते. चिठ्ठी बायकोनं चिकटवली आहे: 'खायचा नाही. यांनी केलाय.' दुसरं वाक्य पहिल्याचं कारण नाही, असं मी सगळ्यांना समजावून सांगतो.