खांबावरच्या साक्षीदारास

प्रति,
मा. वेगमापक कॅमेरासाहेब,
मुक्काम पोस्ट खांब, महामार्ग.

स. न. वि. वि.

आपण काढलेला माझ्या गाडीचा फोटो मोबाइलवर पोचला. नंबरप्लेट स्वच्छ आली आहे, बंपरखाली लटकवलेल्या लिंबाखालच्या मिरच्यासुद्धा मोजता येतात. खाली आकडे: वेग ११८, मर्यादा १००, कलम १८३, दंड २००० रुपये.

ज्याला दाखवावं तो एकच सल्ला देतो: ‘आत्ता भरू नकोस, लोकअदालत लागू दे, तिथे सवलत मिळते.’ पण साहेब, लोकअदालत तडजोडीसाठी. १९८७च्या कायद्याप्रमाणे तिच्या निवाड्यावर अपीलही नाही. आपल्या दोघांत तडजोड करायची ती कशावर? तुम्ही नऊ किलोमीटर सोडा, मी नऊ कबूल करतो आणि १०९वर मिटवू?

म्हणून मी रीतसर लढायचं ठरवलं आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तुमची त्यातून आपोआप सुटका आहे, तुम्हाला पायच नाहीत. तेव्हा उलटतपासणी इथेच उरकतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७-अ हा नियम आला. तो वाचलात का? नोटीस १५ दिवसांत निघाली पाहिजे. तिच्यासोबत स्पष्ट फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि पुराव्याच्या कायद्याखालचं प्रमाणपत्र हवं. तुमची स्वतःची मान्यता दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. माझ्याकडे आला तो फोटो आणि आकडा. प्रमाणपत्र वाटेत कुठे उतरलं कोण जाणे. ‘पुढे कॅमेरा आहे’ अशी पाटीही नियमात आहे. ती आहे, मी जाऊन पाहिली. तिच्यावर एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे.

आमच्या भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापनाचा शिक्का नसेल तर पाव किलो मिरचीवरूनही त्याला दंड होतो. तुमच्यासारख्या रडारांच्या पडताळणीचे आणि शिक्क्याचे नियम १ जुलै २०२५पासून लागू झाले. तुमचा शिक्का कुठे आहे? खालून दिसत नाही.

एक मित्र म्हणाला, ‘कोर्टात भौतिकशास्त्र काढ, रडार तिरकं बसवलं की आकडा चुकतो.’ चुकतो खरा. पण तिरक्या कोनातून रडार खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतं. हा मुद्दा माझ्या वकीलसाहेबांनी अर्जातून हळूच काढून टाकला.

आता खर्चाचं. वकिलांची फी दंडाहून जास्त. ऑनलाइन न्यायालयात ‘दावा मान्य नाही’ म्हटलं की प्रकरण जिथे गुन्हा घडला तिथल्या कोर्टात जातं, म्हणजे प्रत्येक तारखेला रजा टाकून मी त्याच रस्त्याने, तुमच्याच खालून जाणार. एवढा हिशेब केल्यावर बहुतेक माणसं मुकाट्याने पैसे भरतात, आणि भरले म्हणजे गुन्हा कबूल, असं आपण सगळे धरून चालतो. मला हे पटत नाही. पैसे भरणाऱ्याने गुन्हा कबूल केलेला नसतो, रजा वाचवलेली असते.

गैरसमज नको. तुम्ही खाली उतरावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. वेगाने माणसं मरतात, आणि तुम्ही दिसलात की आमच्यातले भलेभले ब्रेकवर पाय ठेवतात. (पाचशे मीटर पुढे गेल्यावर काढतात, ते वेगळं.) पण पुरावा म्हणून उभं राहायचं तर कागदपत्रांसह उभं राहावं. भाजीवाला राहतो.

सुनावणीची तारीख लागली की कळवतो. आपल्याला खांब सोडता येणार नाही, हे मी समजू शकतो. निदान मान्यतेचं प्रमाणपत्र तेवढं पाठवून द्यावं, ही विनंती.

आपला,
एक चलानधारक

ता. क.: वेग नक्की किती होता, ते मी फक्त न्यायाधीशांना सांगेन.