खुनी शिरूर स्टेशनावर उतरतो

शिरूरवर कुणीतरी रहस्यकादंबरी लिहिलीय म्हटल्यावर ती मागवणं आलंच. पुण्या-मुंबईत खून पाडायला जागा उरली नाही, तेव्हा का होईना आमच्या गावाचा नंबर लागला, याचा अभिमान वाटला. तो सत्ताविसाव्या पानापर्यंत टिकला. त्या पानावर खुनी मध्यरात्रीच्या पॅसेंजरनं शिरूर स्टेशनावर उतरतो.

शिरूरला रेल्वे नाही. आमच्याकडे माणूस नगर रस्त्यावर एसटीतून उतरतो आणि पाय टेकायच्या आत कुणीतरी विचारतं, "कुणाकडं?" अर्धा तपास तिथंच उरकतो. पुढं भर मे महिन्यात घोड नदी 'रोरावत' वाहते. मे महिन्यात आमच्याकडं नदी नाही, पाण्यावरून माणसं रोरावतात.

पण खरं दुःख दौंडचं. तिथं खुनी राज्य राखीव पोलीस दलाच्या दोन-दोन गटांच्या गावातून शीळ घालत जातो, तेही सोडून देऊ. लेखकानं जंक्शनच वाया घालवलं! पुण्याहून मनमाडकडं जाणारी गाडी दौंड स्टेशनात शिरली की इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी आली त्याच बाजूनं निघते. पुण्यात धावत जाऊन पकडलेला शेवटचा डबा आता पहिला. एक साक्षीदार शपथेवर सांगणार, संशयित इंजिनाकडं तोंड करून बसला होता. दुसरा सांगणार, पाठ करून. दोघंही खरे, आणि संशयित जागचा हललेलाही नाही! 1878 सालापासून ही मनमाड लाइन अशा लेखकाची वाट बघतेय. आता बऱ्याच गाड्या कॉर्ड लाइनवरून बाहेरच्या बाहेर जातात, तिथलं स्टेशनही वेगळं. म्हणजे मेहुणा जुन्या स्टेशनात ताटकळतोय आणि पाहुणा तिकडं अंधारात बॅग घेऊन उभा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. एवढ्या मालावर त्यांनी आणखी दहा काढल्या असत्या. आमच्या लेखकानं एवढंच लिहिलंय: 'दौंड स्टेशनवर गर्दी होती.'

शिरूरच्या आत्याला मी गोष्ट फोनवर सांगितली. ती संशयितांची यादी ऐकताना प्रत्येकाचं गाव आणि सासर विचारत होती. एकजण न्हावऱ्याचा निघाल्यावर तिनं त्याला ताबडतोब निर्दोष सोडलं. तिकडं आमचे पाहुणे आहेत.

"मग खून केला कुणी?"

"वरच्या खोलीतल्या भाडेकरूनं. सहा महिने कुणाला पत्ता नव्हता."

"आणि घरमालकीण काय माहेरी गेली होती?"