आकुर्डी ते नागपूर: खिडकी डावी की उजवी?

आकुर्डीचा माणूस मापात सहसा चुकत नाही. उभी हयात एमआयडीसीत गेलेली, हातात मायक्रोमीटर, आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला की अख्खा लॉट रिजेक्ट करायची सवय. पण हाच माणूस नागपूरच्या विमानाचं वेब चेक-इन करताना ‘खिडकी मिळाली ना, बास!’ म्हणतो आणि मग सव्वा तास पंखावरचे रिव्हेट मोजत बसतो. नागपुरात उतरल्यावर भाच्यांना सांगण्यासारखं त्याच्याकडे पंखाचं फिनिशिंग तेवढं उरतं. माझं म्हणणं एवढंच, की खिडकीचा नंबर नशिबावर सोडायचं काही कारण नाही. नकाशा आणि सूर्य, या दोघांना विचारून तो आदल्या रात्री काढता येतो.

लोहगाव विमानतळ ते नागपूर अशी नकाशावर सरळ पट्टी ठेवा. वाटेच्या साधारण मध्यावर, पट्टीच्या डाव्या अंगाला दहा-पंधरा किलोमीटरवर लोणार येतं. विमान तेव्हा दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असतं, म्हणजे सरोवर नजरेखाली जवळजवळ पंचेचाळीस अंशांत येतं. याहून चांगला कोन टूलरूमवालाही काढून देणार नाही. विमानाच्या थेट पोटाखालचं काही दिसत नाही आणि फार लांबचं धुरकट हवेत विरघळतं. लोणार नेमकं मधे. उल्का आदळून बेसाल्टमध्ये पडलेला, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा हा खड्डा किती नेटका वाटोळा आहे ते वरूनच पटतं. शिवाय हिवाळ्यातल्या सकाळी सूर्य आग्नेयेला, म्हणजे विमानाच्या उजवीकडे. तिकडे बसलेल्याच्या डोळ्यात ऊन आणि समोर दुधाळ पडदा. डावीकडच्याला ऊन पाठीशी, त्यामुळे नांगरलेली शेतं, धरणांचं पाणी, डोंगरांच्या सावल्या सगळं स्वच्छ.

यावर पहिला आक्षेप पावसाळ्याचा: खाली नुसता कापूस, कसलं लोणार? मान्य. पण एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्सने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून जे इंद्रवज्र पाहिलं, ते गोल रंगीत कडं दिसायला ढगच लागतात, खाली ढग आणि पाठीशी सूर्य. विमानाची सावली ढगांवर पडली की तिच्याभोवतीही तसंच कडं उमटतं, आणि सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूलाच पडते. म्हणजे सकाळच्या फेरीत जागा पुन्हा डावीच, आणि गड न चढता. दुसरा आक्षेप पैशांचा: पुढच्या रांगांना कंपन्या जादा आकार लावतात. मग मागे जा, पंख टाळा म्हणजे झालं. इंजिनाच्या गरम हवेने दृश्य जरा थरथरेल, तेवढं सोसा. मात्र काही विमानांत पंखाच्या पुढे एसीचे पाइप भिंतीतून जातात आणि एका रांगेला खिडकीच नसते. पैसे खिडकीचे, दर्शन प्लास्टिकचं! त्या रांगेची आधी चौकशी करावी. तिसरा आक्षेप असा, की वैमानिक काही तुमच्या पट्टीवरून उडत नाही. खरं आहे, हवामान आणि हवाई वाहतूक नियंत्रक त्याला कुठेही वळवतील. पण टॉलरन्स धरूनच ड्रॉइंग काढायचं असतं, हे आकुर्डीकराला कुणी शिकवावं? उरले ते कडेची सीट मागणारे. त्यांचं सारं लक्ष स्वच्छतागृहाकडे असतं, त्यांच्याशी वाद नाही.

तेव्हा सहा सीटच्या रांगेत जाताना ‘ए’ आणि दुपारी परतताना ‘एफ’ घ्या, कारण उलट्या दिशेने लोणार उजवीकडे येतं. दिघी-विश्रांतवाडीच्या गर्दीत विमान चुकलं तर हा सगळा हिशेब वाया जाईल, म्हणून घरून लवकर निघा. आणि अर्ध्या वाटेवर चहाची ट्रॉली नेमकी लोणारच्या वेळेला आली, तर चहा नको म्हणा.