शहागंजातला गंज

आमच्या पेठेच्या नावात गंज आहे. फारसीत गंज म्हणजे खजिना, बाजारपेठ. मराठीत मात्र तो लोखंडावर चढतो. (दूध तापवायचा गंज तिसरा, त्याला तूर्त बाजूला ठेवू, उतू जाईल.) पन्नाशी ओलांडेपर्यंत शहागंजात राहूनही या दोन अर्थांची गाठ कधी पडली नव्हती. परवा वडिलांच्या पद्मिनीची पुढची जाळी काढून अंगणात पोत्यावर ठेवली, तेव्हा पडली.

गाडी १९७९ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. आमची त्याआधीच अंगणात निवृत्त झालेली. स्क्रूंना दोन दिवस घासलेट पाजल्यावर जाळी सुटली, आणि कवळी पेल्यात काढून ठेवल्यावर आजोबा जसे दिसायचे तशी गाडी दिसू लागली. गृहस्थ तेच, पण एकाएकी फार खासगी. मी उगाचच नजर वळवली.

चमन बागेच्या मागे पॉलिशवाले चाचा बसतात. जाळी उन्हात तिरकी धरून म्हणाले, "पानी उतर गया इसका." मुलाम्याला ते पाणीच म्हणतात. आमच्या शहरात मात्र पाणी म्हटलं की माणसाला आधी नळाचा वार आठवतो. मीही बोटांवर दिवस मोजू लागलो. चाचांनी समजावलं, क्रोम स्वतः गंजत नाही. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतका त्याचा थर, खाली निकेल. त्यांतल्या बारीक छिद्रांतून दमट हवा लोखंडापर्यंत शिरते आणि गंज खालून वर येतो, जुन्या भांडणासारखा. सगळं खरवडून नवं पाणी चढवून देतो, म्हणाले. मी "बघू" म्हणालो. शहागंजचं टॉवरचं घड्याळ वर्षानुवर्षं थांबून पुन्हा चालू झाल्यापासून दुरुस्तीवर माझा विश्वास आहे, पण खरवडण्यावर नाही.

घरी आईने चिंच-मीठ आणून ठेवलं होतं. तांब्याच्या घागरी उजळतात, तर हिला काय धाड भरलीय? क्रोमला आंबट सोसत नाही हे तिला पटलं नाही, पण पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासू लागलो तशी ती पाटावर येऊन बसली. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही. राखाडी लगदा निघे, तो पुसला की खाली चकाकी, आणि तिच्यात पट्टीपट्टीला चिरलेली आई. पट्ट्यांच्या बेचक्यांतून कापसाची पिंज निघाली, ज्वारीचं कूस, एका पतंगाचा अर्धा पंख. बाबांनी संध्याकाळी पैठणहून परतताना गोळा केलेला हा ऐवज.

मधल्या पट्टीवरचा तांबडा डाग मात्र हटेना. तिसरा बोळा घेतला, तेव्हा आई म्हणाली, "अरे, तो गंज नाही. कुंकू आहे." बोट ओलं करून पाहिलं. दसऱ्यामागून दसरे तिथे साचले होते, खाली हळदीचा पिवळा पापुद्राही. मागच्या बाजूला झेंडूच्या माळेची तार तशीच होती, पीळ उलटा. बाबा डावखुरे.

दुसऱ्या दिवशी चाचांनी जाळी उलटसुलट केली, मान डोलावली, आणि पक्कड उचलून विचारलं, "ये तार काट दूँ?"

"राहू द्या," मी म्हणालो. "दसऱ्याला लागेल."